शिक्का म्हणजे जिओटॅग नव्हे! सोलापुरातल्या महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील महाविद्यालयांचे प्राचार्य, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी आणि अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक यांस,

स. न. वि. वि.

वृक्षारोपण असो, स्वच्छता मोहीम असो की सात दिवसांचं निवासी शिबिर असो, कार्यक्रम उरकला की आपल्याकडे पहिली मागणी येते ती जिओटॅग फोटोंची, म्हणजे काढल्याची जागा सोबत नोंदलेल्या फोटोंची. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालाला ते लागतात, विद्यापीठाच्या अहवालालाही लागतात. मग कुणीतरी फोनवर शिक्का मारणारं ॲप उघडतं, बॅनरमागे सगळे ओळीनं उभे राहतात आणि फोटोच्या तळाशी छोटासा नकाशा, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ असा काळा पट्टा उमटतो. त्याची प्रिंट फाइलला लागते आणि फाइल कपाटात जाते.

तो पट्टा म्हणजे जिओटॅग नव्हे, हे सांगण्यासाठी हे पत्र. दुसरं सांगायचं ते असं, की त्याच फेरीत, त्याच फोनवर, त्याच मुलांच्या हातून सोलापूरच्या ऑनलाइन नकाशात खरी भर पडू शकते. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. कार्यपद्धती थोडी बदलावी लागते, तीच खाली सविस्तर दिली आहे.

आधी पट्ट्याबद्दल. ॲप जे अक्षरांत छापतं ते फोटोचाच भाग होतं, भिंतीवर रंगवलेल्या पाटीसारखं. नकाशाला ते वाचता येत नाही. नकाशा वाचतो ती फाइलच्या आत दडलेली माहिती. तिला एक्झिफ म्हणतात. फोटो कधी काढला, कोणत्या फोननं काढला, कॅमेरा कोणत्या अक्षांश-रेखांशावर होता आणि फोननं नोंदवलं असेल तर कोणत्या दिशेला तोंड करून होता, हे सगळं तिथं असतं. शिक्का मारणारी काही ॲप ही माहितीही लिहितात, काही लिहीत नाहीत. खात्री करायला दहा सेकंद लागतात. गूगल फोटोजमध्ये फोटो उघडून वर सरकवा, खाली नकाशा दिसला तर लोकेशन आहे. संगणकावर फाइलवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. तिथं जीपीएस नावाचा भाग नसेल तर पट्ट्यावर कितीही आकडे असोत, फोटो नकाशाच्या दृष्टीनं कोराच.

शिवाय तो पट्टा फोटोचा तळ खातो. देवळाची पायरी, शिलालेखाची शेवटची ओळ, विहिरीचा काठ, सगळं नेमकं तिथंच असतं. पट्ट्यावरची पत्त्याची ओळही ॲपनं जवळच्या माहितीवरून अंदाजानं लावलेली असते, त्यामुळे उभे साखर पेठेत आणि छापून आलंय शेजारच्या पेठेचं नाव, असं होऊ शकतं. पुरावा म्हणावा तर पट्टा कुणालाही कुठल्याही साध्या ॲपमध्ये तयार करता येतो. एक्झिफही बदलता येतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण एकाच ठिकाणी पाच मुलांनी पाच फोननी काढलेल्या मूळ फाइली एकमेकींशी जुळल्या, तर तो पुरावा पट्ट्यापेक्षा कितीतरी भक्कम ठरतो.

अहवालासाठी पट्ट्याचा एक फोटो काढायचाच असेल तर खुशाल काढा. त्यानंतर फोनच्या साध्या कॅमेऱ्यानं, बॅनर आणि माणसं बाजूला करून, त्याच जागेचा स्वच्छ फोटो काढा. नकाशाला तोच हवा आहे.

फोनची तयारी निघण्याआधी करायची असते, जागेवर नव्हे. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग चालू करा आणि कॅमेरा ॲपला लोकेशनची परवानगी देताना 'प्रिसाइज' निवडा. अंदाजे लोकेशनची परवानगी असेल तर फोटो किलोमीटरभर लांब पडू शकतो. आयफोनवर प्रायव्हसीमधल्या लोकेशन सर्व्हिसेसमध्ये जाऊन कॅमेऱ्यासाठी 'वापरताना' आणि 'प्रिसाइज लोकेशन' ही दोन्ही चालू हवीत. आयफोनवाल्यांनी कॅमेऱ्याच्या फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कंपॅटिबल'ही निवडावं, म्हणजे फोटो जेपीईजी होतात. आयफोन एरवी देतो ती एचईआयसी फाइल अनेक ठिकाणी चढत नाही आणि रूपांतर करताना काही ॲप लोकेशनच गाळून टाकतात.

जागेवर पोहोचल्यावरची चूक ठरलेली असते. बसमधून उतरतात, फोन खिशातून काढतात आणि लगेच फोटो. फोनला अजून उपग्रह नीट सापडलेले नसतात, म्हणून तो शेवटचं माहीत असलेलं लोकेशन चिकटवतो आणि नान्नजचं झाड कॉलेजच्या फाटकावर उगवतं. जीपीएसचा उपग्रह आपली माहिती सेकंदाला अवघ्या ५० बिटच्या वेगानं पाठवतो आणि स्वतःच्या जागेचा तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. नेट चालू असेल तर फोन हा तपशील नेटवरून पटकन उचलतो. रेंज नसलेल्या रानात मात्र तो आकाशातूनच ऐकावा लागतो. म्हणून उतरल्यावर मोकळ्या आभाळाखाली उभं राहून नकाशा ॲप उघडायचं, निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ आकसेपर्यंत मिनिटभर थांबायचं आणि मगच कॅमेरा काढायचा. मोकळ्या जागी चांगला फोन साधारण ५ मीटरच्या आत बसतो. चाटी गल्लीसारख्या दाटीच्या ठिकाणी दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून सिग्नल उशिरा पोहोचतो आणि ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. तिथं जवळच्या चौकात ठिपका स्थिर होऊ द्यायचा, मग आत जाऊन दोन-तीन फोटो थोड्या थोड्या वेळानं काढायचे आणि सगळ्यात बरोबर बसलेला ठेवायचा. देवळाच्या गाभाऱ्यात, तळघरात, वाड्याच्या आतल्या चौकात सिग्नलची आशाच सोडा. आधी बाहेर दारापाशी एक फोटो काढा आणि आतल्या फोटोंना नंतर त्याचेच आकडे हातानं द्या.

आता खरी गळती. ती सॅटेलाइटमध्ये नाही, ग्रुपमध्ये आहे. 'सगळ्यांनी फोटो ग्रुपवर टाका' असं सरांनी म्हटलं, की तिथंच लोकेशन संपलं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून एक्झिफ काढून टाकलं जातं आणि चित्रही लहान होतं. एचडी निवडलं तर चित्र थोडं मोठं जातं, लोकेशन तरीही जात नाही. फाइलच्या नावात डब्ल्यूए ही अक्षरं दिसली, की ती मूळ फाइल नाही एवढं ओळखावं. फेसबुक, इन्स्टाग्रामवरून परत उतरवलेल्या फोटोंचीही हीच गत. व्हॉट्सॲपच वापरायचं असेल तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये फाइली चढवणं किंवा केबलनं लॅपटॉपवर घेणं त्याहून बरं. आयफोनवरून पाठवताना शेअरच्या पानावर वर 'ऑप्शन्स' असतं, तिथं लोकेशन चालू आहे ना पाहा. आणखी एक खोडी अँड्रॉइडची: मोबाइलच्या ब्राउझरमधून एखाद्या संकेतस्थळावर फोटो निवडला, तर फोनच गुपचूप लोकेशन वगळून फाइल पुढे देऊ शकतो. मुलं म्हणतात, माझ्या फोनमध्ये तर लोकेशन दिसतंय. दिसतं, पण पोहोचत नाही. म्हणून नकाशासाठीचे फोटो संगणकावरून चढवावेत.

डिपार्टमेंटचा मोठा कॅमेरा वापरणार असाल तर त्यात बहुधा जीपीएस नसतो. हरकत नाही. खिशातल्या फोनवर मार्ग नोंदवणारं ॲप चालू ठेवा. ते दर काही सेकंदांनी वेळ आणि जागा लिहीत जातं आणि शेवटी जीपीएक्स नावाची फाइल देतं. घरी आल्यावर डिजिकॅम किंवा एक्झिफटूल ही मोफत साधनं फोटोची वेळ आणि मार्गाची वेळ जुळवून प्रत्येक फोटोला जागा देतात. सगळं अवलंबून असतं ते कॅमेऱ्याच्या घड्याळावर. ते दोन मिनिटं पुढे असेल आणि माणूस ताशी ५ किलोमीटरनं चालत असेल, तर प्रत्येक फोटो दीडशे मीटरहून जास्त सरकतो. म्हणजे माणिक चौकातला फोटो पार वेगळ्या रस्त्यावर. यावर सोपा उपाय असा, की निघताना फोनवर सेकंदकाटा दिसेल असं घड्याळ उघडून त्याचा कॅमेऱ्यानं एक फोटो काढायचा. फोटोतली वेळ आणि कॅमेऱ्यानं नोंदवलेली वेळ यांतला फरक म्हणजे घड्याळाची चूक, ती साधनात टाकली की काम झालं. जीपीएक्समधली वेळ जागतिक असते, आपली तिच्या साडेपाच तास पुढे. हा फरक सांगायला विसरलं तर एकही फोटो मार्गावर बसत नाही आणि मुलं साधनाला नावं ठेवतात. एक्झिफमधली जीपीएसची वेळही जागतिकच असते, त्यामुळे पहाटे ५ वाजता काढलेल्या फोटोत जीपीएसची तारीख आदल्या दिवसाची दिसते. ती चूक नव्हे, दुरुस्त करायला जाऊ नका.

आकडे हातानं टाकायची वेळ आली, की गमती सुरू होतात. सोलापूर साधारण १७.६७ उत्तर अक्षांश आणि ७५.९० पूर्व रेखांशावर आहे. आधी अक्षांश, मग रेखांश. उलटं टाकलं तर आपलं ठिकाण थेट उत्तर ध्रुवाकडे, स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेला समुद्रात जातं. पूर्वेऐवजी पश्चिम निवडलं गेलं तर जमैकाजवळ, कॅरिबियन समुद्रात. दोन्ही रकाने रिकामे राहून शून्य-शून्य गेलं तर आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात. या चुका निदान लगेच दिसतात. सगळ्यात वाईट चूक अंश-मिनिट-सेकंदांची, कारण ती जिल्ह्यातच राहते. शहराच्या मध्यातला एक बिंदू घ्या: १७ अंश ४० मिनिटं ३० सेकंद उत्तर, ७५ अंश ५४ मिनिटं १० सेकंद पूर्व. दशांशात तो १७.६७५० आणि ७५.९०२८ होतो, कारण मिनिटांना ६० नं आणि सेकंदांना ३६०० नं भागून अंशात मिळवायचं असतं. घाईत कुणी तेच आकडे १७.४०३० आणि ७५.५४१० असे लिहिले, की ठिकाण सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला आणि ३८ किलोमीटर पश्चिमेला सरकतं. शहरातलं देऊळ मंगळवेढ्याच्या बाजूला, कुठल्यातरी ज्वारीच्या रानात उभं राहतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

दशांशानंतर किती आकडे ठेवायचे? आपल्या अक्षांशावर दुसरा दशांश म्हणजे सुमारे एक किलोमीटर, चौथा म्हणजे ११ मीटर, पाचवा म्हणजे साधारण एक मीटर. चार कमी पडतात, पाच पुरेसे, सहाच्या पुढे नुसता दिखावा. आणि रकान्यात इंग्रजी अंक टाका. या पत्रासारखे मराठी अंक टाकले तर बहुतेक ठिकाणी फॉर्म ते ओळखत नाही.

यापुढचा प्रश्न जाणकारांनाही चकवतो. फोटोची जागा कोणती, कॅमेरा उभा होता ती की फोटोत दिसतं ती? काठावरून सिद्धेश्वर मंदिर टिपलं तर एक्झिफमधले आकडे काठाचे असतात, मंदिर तर तलावाच्या मध्ये. दोन्ही बरोबर आहेत, पण त्यांचं काम वेगवेगळं आहे. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या फोटोसंग्रहावर म्हणूनच कॅमेऱ्याची जागा आणि वस्तूची जागा यांसाठी स्वतंत्र साचे आहेत. कॅमेऱ्याच्या जागेसोबत दिशाही देता येते: उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७० अंश. फोनचा होकायंत्र-सेन्सर मोटारसायकल, लोखंडी जाळी, विजेच्या डीपीजवळ बहकतो. तो बहकला वाटला तर फोन हातात धरून हवेत इंग्रजी आठ काढल्यासारखा फिरवायचा, आणि तरी शंका असेल तर दिशा नंतर नकाशावर बघून लिहायची. दिशा आणि तारीख दोन्ही असली, की फोटो इतिहासाच्या कामाचा होतो. सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी जून २०२३ मध्ये पाडली. त्याआधी लांबून, गच्चीवरून, रस्त्यावरून काढलेल्या ज्या ज्या फोटोत ती मागे दिसते, त्यातला जागा-दिशा-तारीख धरून ठेवलेला प्रत्येक फोटो आज नोंद आहे. बाकीचे नुसते फोटो.

कोणत्या नकाशावर चढवायचं, यात आमचं मत स्पष्ट आहे. गूगल मॅप्स सगळे पाहतात, त्यामुळे तिथं टाकाच. ठिकाणाच्या पानावर 'फोटो जोडा' दाबायचं, एवढंच. पण तिथं फोटो अक्षांश-रेखांशाला नाही, ठिकाणाच्या नावाला चिकटतो. म्हणून आधी ठिकाण बरोबर आहे का ते पाहा. एकाच देवळाच्या दोन-तीन पिना असतील तर सगळ्यात बरोबर जागेवरची निवडा आणि बाकीच्या डुप्लिकेट म्हणून कळवा, नवी चौथी तयार करू नका. मात्र मूळ प्रत फक्त तिथं ठेवू नका. २००५ मध्ये पॅनोरामिओ नावाची सेवा सुरू झाली होती, जगभरचे लोक तिथं जागेसकट फोटो टाकत. २००७ मध्ये गूगलनं ती विकत घेतली आणि २०१६ मध्ये बंद केली. खासगी नकाशावरचं घर भाड्याचं असतं.

स्वतःचं घर म्हणजे विकिमीडिया कॉमन्स. खातं मोफत. अपलोड विझार्डमध्ये साध्या खात्याला एका वेळी ५० फोटो चढवता येतात. 'माझं स्वतःचं काम' निवडायचं, परवाना क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.० ठेवायचा, म्हणजे नाव देऊन आणि त्याच अटींवर तो फोटो कुणालाही वापरता येतो. एक्झिफमध्ये लोकेशन असेल तर रकाना आपोआप भरतो, नसेल तर हातानं भरायचा. फाइलला नाव असं द्या की दहा वर्षांनी परक्या माणसाला कळावं: 'इंद्रभुवन, सोलापूर, दर्शनी भाग' हे चालतं, 'फोटो १२' हे चालत नाही. नाव देवनागरीतही देता येतं. मथळा एकाहून जास्त भाषांत लिहिता येतो आणि इथं सोलापूरइतकं भाग्यवान शहर क्वचित सापडेल. एकाच वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू लिहिणारी मुलं बसतात. चौघांनी चार ओळी लिहिल्या, की तो फोटो चार भाषांत शोधता येतो. त्यानंतर विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यात त्या ठिकाणाच्या नोंदीला फोटो जोडायचा. कॉमन्सच्या अँड्रॉइड ॲपमध्ये आसपासच्या, अजून फोटो नसलेल्या नोंदी नकाशावर दिसतात. फेरी ठरवायला हा उत्तम आरंभ.

ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून घडवलेला खुला नकाशा, तो स्वतःकडे फोटो ठेवत नाही. तिथं ठिकाण काढायचं, मराठी नावाचा रकाना भरायचा आणि कॉमन्सच्या फाइलचा दुवा टॅग म्हणून द्यायचा. एक कडक नियम: गूगल मॅप्सवरून पाहून जागा किंवा नाव ओपनस्ट्रीटमॅपवर उतरवायचं नाही. परवाना जुळत नाही आणि असं काम सापडलं तर काढून टाकतात. स्वतः जाऊन पाहिलेलं, स्वतःच्या फोटोत असलेलं, तेवढंच. रस्त्याच्या सलग चित्रांसाठी मॅपिलरी आहे. फोन दुचाकीच्या हँडलवर बसवून, आडवा धरून, दर ५ मीटरला एक फोटो म्हटला तर किलोमीटरला २०० फोटो होतात. म्हणून चढवण्याचं काम वायफायवरच. ते चेहरे आणि गाड्यांचे नंबर आपोआप धूसर करतात, ही मोठी सोय.

काय टाकू नये, हे शिबिराच्या पहिल्याच दिवशी सांगायला हवं. मुलांच्या घरचे, वसतिगृहाच्या खोलीतले फोटो लोकेशनसकट कुठंही जाऊ नयेत. घरी गेल्यावर कॅमेऱ्याचा लोकेशन टॅग बंद करायची सवय लावा, विशेषतः मुलींना हे नीट समजावून सांगा. लाभार्थी, रुग्ण, लहान मुलं यांचे ओळखू येणारे चेहरे नकोत. विमानतळाचा आतला भाग, लष्करी किंवा 'फोटो काढण्यास मनाई' अशी पाटी असलेली जागा नको. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गेलात आणि नशिबानं पक्षी दिसलाच, तर त्याची नेमकी जागा प्रसिद्ध करू नका. पशुपक्ष्यांच्या नोंदी ठेवणारी आयनॅचरलिस्टसारखी संकेतस्थळं संकटात असलेल्या जातींची जागा मुद्दाम २० किलोमीटरच्या आसपासच्या चौकोनात पसरवून दाखवतात. कॉमन्स आणि गूगल तसं करत नाहीत, तिथं ती काळजी आपली. घरट्याचा फोटो तर काढूच नये, जागा असो वा नसो.

हक्कांचंही थोडं. भारतीय कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेली इमारत किंवा पुतळा यांचा फोटो काढून प्रसिद्ध करायला अडचण नाही, त्यामुळे चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांचा फोटो चालतो. भिंतीवरचं चित्र, फ्लेक्स, पोस्टर यांना ही सवलत नाही. फोटोभर फ्लेक्सच असेल तर कॉमन्सवर तो हटवला जाऊ शकतो. आपल्या शहरात फ्लेक्स टाळून फोटो काढणं हे स्वतंत्र कौशल्य आहे, पण दोन पावलं बाजूला सरकलं की बहुधा जमतं. फोटोचा हक्क तो काढणाऱ्या विद्यार्थ्याचा असतो, महाविद्यालयाचा नव्हे. म्हणून प्रत्येकानं स्वतःच्या खात्यातून चढवावं. सगळ्या वर्गासाठी एकच खातं आणि फळ्यावर पासवर्ड, हा प्रकार नको. कॉमन्सवरचा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही आणि उद्या कुणी तो फोटो नाव देऊन कॅलेंडरवर छापला तरी चालतं, हे आधीच स्पष्ट सांगा. अकरावी-बारावीच्या मुलांच्या बाबतीत पालकांनाही.

सुरुवातीसाठी एक विषय सुचवतो. श्री सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली ६८ लिंगं शहरभर विखुरलेली आहेत. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेतल्या यण्णीमज्जनाच्या दिवशी नंदीध्वजांची मिरवणूक त्यांच्या प्रदक्षिणेला निघते, त्या वेळी सगळ्या शहराच्या तोंडी ही नावं असतात. एरवी बाहेरगावच्या माणसाला एखादं शोधायचं म्हटलं तर तो पत्ता विचारत फिरतो. १७ गट करा, प्रत्येकाला चार लिंगं. प्रत्येक ठिकाणी चार फोटो: मुख्य रस्त्यावरून आत वळण्याची जागा, परिसरासह देऊळ, समोरून, आणि पाटी किंवा लेख असेल तर तो जवळून. एकूण २७२ फोटो होतात. गटात एकानं फोटो काढायचे, दुसऱ्यानं वहीत वेळ, नाव, दिशा आणि तिथल्या पुजाऱ्यांनी किंवा शेजाऱ्यांनी सांगितलेलं कन्नड-मराठी नाव लिहायचं, तिसऱ्यानं ठिपका स्थिर झाला का ते बघायचं. ठिकाण खासगी आवारात असेल तर आधी विचारायचं, नाही म्हटलं तर रस्त्यावरचा फोटो पुरे. हे काम यात्रेच्या गर्दीत करू नका, डिसेंबरमधल्या दोन रविवारच्या सकाळी करा. यात्रेच्या दिवशी फोटो घ्यायचे ते नंदीध्वजांचे आणि संमती कट्ट्याचे. ६८ झाली की वेशी, जुने वाडे, गिरण्यांचे अवशेष, विहिरी, डॉ. कोटणीसांचं स्मारक, हिप्परगा तलावाचा बांध, यादी आपोआप वाढते.

गुण देताना संख्या मोजू नका, ही हात जोडून विनंती. फोटोमागे गुण ठेवले की किल्ल्याच्या एकाच दरवाजाचे चाळीस फोटो येतात. ज्या ठिकाणाचा आजवर एकही फोटो नव्हता त्याला जास्त गुण द्या आणि दुसऱ्या गटानं नकाशावर उघडून जागा तपासल्याशिवाय काम पूर्ण धरू नका. तपासणीची रीत साधी आहे: फोटोत दिसणारी एखादी शेजारची खूण, म्हणजे टाकी, कमान, चौक, उपग्रहचित्रात त्याच बाजूला आहे का, ते पाहायचं. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तासांचं सेवाकार्य करायचंच असतं, त्यात फेरी, चढवणं आणि तपासणी हे तिन्ही तास मोजावेत. चढवणं आणि तपासणी यांत फेरीपेक्षा जास्त वेळ जातो, तो बसून केलेला म्हणून कमी लेखू नये.

आणि आपल्या हातातली एक गोष्ट. अहवालाच्या नमुन्यात 'जिओटॅग फोटो' या रकान्याशेजारी एक रकाना वाढवा: 'सार्वजनिक नकाशावरील दुवा'. पट्ट्याच्या प्रिंटऐवजी किंवा तिच्यासोबत हा दुवा पुरावा म्हणून ग्राह्य धरला जाईल असं एका ओळीचं परिपत्रक पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाकडून निघालं, तर एका वर्षात शहराच्या नकाशाचा चेहरा बदलेल. तोवर प्रत्येक महाविद्यालयाला आपल्यापुरतं हे करायला कुणाचीही आडकाठी नाही.

कळावे,

आपले,
सोलापूरच्या नकाशावर काम करणारे काही स्वयंसेवक

ता. क.: फेरीच्या सकाळी बॅटरी सेव्हर बंद आहे ना, एवढं प्रत्येकाच्या फोनवर बघा. तो चालू असला की अनेक फोन जीपीएस मधूनमधून झोपवतात आणि लागोपाठच्या सात-आठ फोटोंना एकच लोकेशन चिकटतं. पॉवर बँक घ्या. पहिला फोटो काढल्या काढल्या उघडून त्याची जागा पाहा, संध्याकाळी नव्हे.